ब्रेक दाबल्यावर ट्रक एका बाजूला का ओढतो? – निदान आणि दुरुस्ती

विषय: वाहन अभियांत्रिकी | घटक: ब्रेक प्रणाली | पूर्वज्ञान: बल, आघूर्ण, घर्षण

१. प्रस्तावना

चेन्नईच्या उत्तरेला माधवरम, मणली, एण्णूर हा सगळा पट्टा ट्रक आणि कंटेनर ट्रेलरांचा आहे. एका अंगाला चेन्नई बंदर, दुसऱ्या अंगाला एण्णूरचे कामराजर बंदर आणि मधल्या रस्त्यांच्या कडेला छोटी गॅरेजे. आमच्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी तिथे घेऊन जातो. तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. तमिळ ड्रायव्हर म्हणतो ‘इळुक्कुदु’, उत्तरेकडचा म्हणतो ‘खींचती है’, आपण मराठीत म्हणतो ‘गाडी ओढते’. तिन्ही भाषांत क्रियापद एकच आहे, आणि दोषही एकच: ब्रेक दाबला की ट्रक सरळ न थांबता डावीकडे किंवा उजवीकडे जातो.

या तक्रारीवर केला जाणारा एक ‘झटपट इलाज’ मी तिथे स्वतः पाहिला आहे. ट्रक उजवीकडे ओढत होता. मेकॅनिकने पुढच्या उजव्या चाकाचा स्लॅक ॲडजस्टर थोडा सैल केला, गाडी फिरवून आणली, आणि ती खरोखर सरळ थांबली. ड्रायव्हर खूश झाला. माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग चूक काय झाली?” हे टिपण त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत:

- ओढण्यामागचे बल आणि आघूर्ण आकड्यांत मांडणे
- दोष ब्रेकमध्ये आहे, हवेच्या मार्गात आहे की सस्पेन्शनमध्ये, हे लक्षणांवरून ठरवणे
- दुरुस्तीचा योग्य क्रम सांगणे
- वरचा ‘झटपट इलाज’ धोकादायक का, हे गणिताने दाखवणे

२. थोडी पार्श्वभूमी

चेन्नईत हा विषय शिकणे सोयीचे आहे, कारण भारतीय ट्रकचे ब्रेक मोठ्या प्रमाणात याच शहरात घडले. १९४८ मध्ये अशोक मोटर्स सुरू झाली आणि १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली; तिचा कारखाना एण्णूरला आहे. पाडी भागात ब्रेक्स इंडिया आणि सुंदरम-क्लेटन या दोन्ही कंपन्या १९६२ मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने उभ्या राहिल्या. सुंदरम-क्लेटनने एअर ब्रेकचे भाग बनवले. ब्रेक लायनर बनवणारी राणे समूहाची कंपनीही इथलीच. त्यामुळे पुढे ज्या भागांची नावे येतील, ते भाग तुम्हाला देशातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये हाताळायला मिळतील.

३. एअर ब्रेक: पेडलपासून चाकापर्यंत

मध्यम आणि अवजड ट्रकमध्ये साधारणपणे पुढील साखळी असते.

१. ड्रायव्हर पेडल दाबतो. ब्रेक व्हॉल्व्ह टाकीतली दाबाची हवा सोडतो.
२. हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. गॅरेजच्या भाषेत याला बरेच जण ‘बूस्टर’ म्हणतात.
३. चेंबरमधला रबरी पडदा पुशरॉड पुढे ढकलतो.
४. पुशरॉड स्लॅक ॲडजस्टर नावाचा दांडा फिरवतो.
५. दांड्याला जोडलेला इंग्रजी ‘एस’ आकाराचा कॅम फिरतो आणि दोन ब्रेक शू बाहेर ढकलतो.
६. शूवरचे लायनर ड्रमला घासतात आणि चाकावर ब्रेक आघूर्ण तयार होते.

चेंबरचा प्रकार त्याच्या पडद्याच्या प्रभावी क्षेत्रफळावरून, चौरस इंचांत ओळखला जातो. २४ क्रमांकाच्या चेंबरचे क्षेत्रफळ २४ चौरस इंच, म्हणजे सुमारे १५५ चौ. सेंमी. ६ बार दाबाला:

पुशरॉडचे बल = दाब × क्षेत्रफळ = ६ × १० × १५५ ≈ ९३०० न्यूटन
(१ बार = १० न्यूटन प्रति चौ. सेंमी.)

हे बल पूर्ण मिळण्यासाठी पुशरॉडचा प्रवास मर्यादेत असावा लागतो. पडदा शेवटाकडे पोचू लागला की त्याचे प्रभावी क्षेत्रफळ घटते आणि बल झपाट्याने कमी होते. टोकाला टेकल्यावर हवा कितीही भरा, शूपर्यंत काही पोचत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. निदानात तो पुन्हा येणार आहे.

४. ओढण्याचे गणित

समजा पुढच्या आसावर डाव्या चाकाचे ब्रेक बल १२ किलोन्यूटन आणि उजव्याचे १८ किलोन्यूटन आहे. दोन चाकांमधले अंतर २ मी., म्हणजे प्रत्येक चाक मध्यरेषेपासून १ मी. दूर.

*(अ) गाडी फिरवणारे आघूर्ण*

(१८ − १२) × १ = ६ किलोन्यूटन-मीटर, उजवीकडे.

गाडी सरळ ठेवायची तर टायरांना आडवे बल देऊन याला विरोध करावा लागेल. पुढच्या-मागच्या आसांत ५ मी. अंतर असेल तर प्रत्येक आसावर ६ ÷ ५ = १.२ किलोन्यूटन आडवे बल लागेल. कोरड्या रस्त्यावर हे सहज मिळते. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या चेन्नईच्या पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक दाबला, की टायरची बहुतेक पकड ब्रेकिंगमध्येच खर्च झालेली असते. आडव्या बलासाठी थोडीच उरते. म्हणून उन्हाळ्यात ‘थोडीशी ओढते’ म्हणून दुर्लक्षित राहिलेली गाडी पावसात थेट शेजारच्या लेनमध्ये जाते.

*(ब) स्टिअरिंग फिरवणारे आघूर्ण*

चाक वळते ते किंगपिनच्या अक्षाभोवती. ट्रकमध्ये टायर जमिनीला जिथे टेकतो तो बिंदू बहुधा या अक्षाच्या बाहेरच्या बाजूला असतो. हे अंतर ६० मिमी धरू. उजवे ब्रेक बल उजव्या चाकाला उजवीकडे वळवू पाहते आणि डावे बल डावीकडे. टाय रॉडमुळे दोन्ही चाके जोडलेली असल्याने फरक उरतो:

(१८,००० − १२,०००) × ०.०६ = ३६० न्यूटन-मीटर, उजवीकडे.

स्टिअरिंगचे गुणोत्तर २० धरले आणि घर्षण सोडून दिले, तर ड्रायव्हरच्या हाताशी १८ न्यूटन-मीटर येतात. ०.२५ मी. त्रिज्येच्या चक्राला हे ७२ न्यूटन, म्हणजे सुमारे ७ किलो वजनाइतके ओढणे झाले. पॉवर स्टिअरिंग असेल तर हाताला याहून बरेच कमी जाणवते. म्हणून पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत ‘मला काही जाणवत नाही’ हा दोष नसल्याचा पुरावा नव्हे.

(अ) आणि (ब) दोन्ही परिणाम एकाच दिशेने आहेत. गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो त्या बाजूला ओढते.

५. मुख्य मुद्दा: दोष बहुधा समोरच्या बाजूला असतो

वरच्या उदाहरणात गाडी उजवीकडे ओढते. सहज वाटते की उजव्या चाकात काही बिघडले आहे. पण उजवे चाक आपले काम नीट करते आहे. डावे कमी पडते आहे. एखादा ब्रेक गरजेपेक्षा जास्त पकडतो अशी प्रकरणे असतात, पण कमी पडणाऱ्या ब्रेकची प्रकरणे नेहमीची आहेत.

आता तो झटपट इलाज तपासू. ट्रकचे एकूण वस्तुमान १६,००० किलो, वेग ताशी ६० किमी (१६.६७ मी./से.), आणि मागच्या आसाचे एकूण ब्रेक बल २४ किलोन्यूटन धरा. तिन्ही वेळा पेडलचा दाब सारखाच आहे. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन).

- दुरुस्तीआधी: पुढे १२ + १८ = ३०; एकूण ५४ किलोन्यूटन. मंदन ३.३८ मी./से². अंतर सुमारे ४१ मी.
- उजवा सैल केल्यावर: पुढे १२ + १२ = २४; एकूण ४८ किलोन्यूटन. मंदन ३.०० मी./से². अंतर सुमारे ४६ मी.
- डावा दुरुस्त केल्यावर: पुढे १८ + १८ = ३६; एकूण ६० किलोन्यूटन. मंदन ३.७५ मी./से². अंतर सुमारे ३७ मी.

आकडे नीट पाहा. झटपट इलाजाने गाडी सरळ झाली, पण ती आधीपेक्षा ५ मी. आणि योग्य दुरुस्तीपेक्षा ९ मी. उशिरा थांबते. नऊ मीटरमध्ये दोन मोटारी मावतात. शिवाय ओढण्याची खूण पुसली गेल्याने ड्रायव्हरला आता दोष कळणारही नाही. आधी गाडी निदान तक्रार तरी करत होती.

त्या विद्यार्थिनीला मी हेच तीन आकडे फळ्यावर मांडून दाखवले. तुम्हीही परीक्षेत आणि नोकरीत हाच नियम पाळा: चांगला ब्रेक कधीही वाईट ब्रेकच्या पातळीवर आणू नका.

६. निदानाचा क्रम

*पायरी १: ब्रेक न दाबता गाडी ओढते का?*
ओढत असेल तर आधी टायरची हवा, टायरची झीज, अलाइनमेंट आणि आस चौकटीला काटकोनात आहे का, हे पाहा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. त्यामुळे डावीकडे किंचित सरकणे स्वाभाविक आहे. चाचणी सपाट, मोकळ्या आणि एकसारख्या पृष्ठभागावर, दोन्ही दिशांनी घ्या. एका बाजूची चाके वाळूवर आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असतील तर निर्दोष गाडीही ओढेल.

*पायरी २: स्टिअरिंग हातात फिरते का?*
फिरत असेल तर पुढच्या आसावर संशय घ्या. चक्र सरळ राहूनही गाडीचा मागचा भाग सरकत असेल तर मागच्या आसाकडे वळा. मागच्या चाकांतला फरक गाडी फिरवतो, पण किंगपिनवर आघूर्ण देत नाही.

*पायरी ३: केव्हा ओढते?*

- फक्त सुरुवातीला झटका, मग सरळ: एका बाजूला हवा उशिरा पोचते. दबलेली किंवा आतून सुजलेली नळी, व्हॉल्व्हमधील कचरा, किंवा एका बाजूला शू व ड्रममधले अंतर जास्त.
- पेडल दाबलेले असेपर्यंत सारखे: बलात फरक आहे. पुशरॉडचा जास्त प्रवास, लायनरवर तेल किंवा ग्रीस, फाटका पडदा, अडकलेला कॅम, किंवा दोन बाजूंना वेगळे लायनर.
- थंड असताना ठीक, घाटात किंवा वारंवार ब्रेक मारल्यावर ओढते: एका बाजूचे लायनर तापून निकामी होते, किंवा ड्रम फुगल्याने पुशरॉड टोकाला टेकतो.
- पेडल सोडल्यावरही ओढत राहते: इथे नियम उलटतो, दोष ओढणाऱ्या बाजूलाच आहे. परतीची स्प्रिंग तुटली आहे किंवा कॅमशाफ्ट बुशमध्ये जाम आहे. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत गंजाने जाम झालेला कॅमशाफ्ट नेहमी सापडतो.
- ब्रेक सारखे असूनही नेहमी एकाच बाजूला: सस्पेन्शन पाहा (विभाग ७).

ड्रम फुगण्याचा परिणाम किती असतो? ४१० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम २०० अंश सेल्सिअसने तापला तर व्यास सुमारे ०.९ मिमी, म्हणजे त्रिज्या सुमारे ०.४५ मिमी वाढते. शूचे एक टोक पिनवर टेकलेले असल्याने कॅमकडच्या टोकाला याच्या साधारण दुप्पट सरकावे लागते. स्लॅक ॲडजस्टरची लांबी १४० मिमी आणि कॅमची प्रभावी त्रिज्या १२.७ मिमी, म्हणजे गुणोत्तर ११. पुशरॉडचा जादा प्रवास ०.९ × ११ ≈ १० मिमी. जो ब्रेक थंड असताना काठावर होता, तो या १० मिमीमुळे मर्यादेपलीकडे जातो.

*पायरी ४: मोजमाप*

१. तापमान. पाच-सहा मध्यम ब्रेक मारून गाडी थांबवा आणि इन्फ्रारेड तापमापकाने चारही ड्रम मोजा. एकाच आसावरचा थंड ड्रम म्हणजे कमी काम करणारा ब्रेक. ड्रमला हात लावून पाहू नका.
२. पुशरॉडचा प्रवास. चाकांना ओटी लावा, इंजिन बंद करा, टाकीचा दाब ६ ते ७ बार असू द्या. ब्रेक सुटलेला असताना पुशरॉडवर खडूने खूण करा. साथीदाराला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजा. २४ क्रमांकाच्या साध्या चेंबरचा पूर्ण प्रवास ५७ मिमी असतो. ४४ मिमी ओलांडले की तो जुळवणीबाहेर मानतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तो प्रमाण.
३. दाब. दोन्ही चेंबरना मापक लावून दाब एकाच वेळी आणि सारखा चढतो का ते पाहा.
४. रोलर ब्रेक टेस्टर. उपलब्ध असल्यास हे सर्वांत खात्रीचे. असमतोल = (मोठे बल − लहान बल) ÷ मोठे बल × १००. आपल्या उदाहरणात ६ ÷ १८, म्हणजे ३३ टक्के. अनेक देशांच्या वाहन तपासणीत ३० टक्क्यांवरचा फरक नापास धरला जातो.

७. ब्रेक निर्दोष, तरीही गाडी ओढते

रोलरवर दोन्ही बाजू सारख्या, पण रस्त्यावर गाडी ओढते, असे प्रकरण आले की कमान पाट्यांकडे पाहा. ब्रेक लागला की आस चाकाच्या दिशेने थोडा पीळ घेतो आणि पाटे त्याला अडवतात. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक एका टोकाला चौकटीवरच्या पिटमन आर्मला आणि दुसऱ्या टोकाला चाकाच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेली असते. आस पिळला की आर्मचे टोक सरकू पाहते, पण लिंकची लांबी तीच राहते. परिणामी ड्रायव्हरने चक्र न हलवताही चाके वळतात.

आराखड्यात हा परिणाम कमीत कमी ठेवलेला असतो. पण तुटलेला मुख्य पाटा, सैल यू-बोल्ट, झिजलेले बुश किंवा चुकीच्या ताठरपणाचे बदली पाटे असतील तर पीळ वाढतो. ओळखायची खूण: गाडी नेहमी एकाच बाजूला जाते, आणि ब्रेकची कितीही जुळवणी केली तरी फरक पडत नाही. अशा वेळी ब्रेक सैल-घट्ट करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

८. दुरुस्ती

१. दुरुस्ती जोडीने करा. लायनर बदलायचे तर एका आसाच्या दोन्ही चाकांचे, एकाच प्रतीचे. नवे-जुने किंवा वेगळ्या प्रतीचे मिश्रण म्हणजे नव्या ओढण्याची सोय.
२. तेलकट लायनर बदला. पेट्रोलने पुसून किंवा जाळून ते परत वापरू नका; तेल आत मुरलेले असते. आधी गळणारे ऑइल सील बदला, नाहीतर नवे लायनरही तसेच होईल.
३. ड्रम मोजा. व्यास मर्यादेबाहेर किंवा लंबगोल असेल तर बदला. दोन्ही बाजूंचे व्यास जवळपास सारखे हवेत.
४. कॅमशाफ्ट, बुश, रोलर आणि परतीच्या स्प्रिंग तपासा. कॅम हाताने सहज फिरला पाहिजे.
५. चेंबरचा क्रमांक आणि स्लॅक ॲडजस्टरची लांबी दोन्ही बाजूंना एकच आहे ना, पाहा. घाईत बसवलेला वेगळ्या क्रमांकाचा चेंबर हे कारण हमखास नजरेतून सुटते.
६. शेवटी जुळवणी. साधा स्लॅक ॲडजस्टर दोन्ही बाजूंना समान प्रवासावर आणा. स्वयंचलित असेल आणि प्रवास जास्त असेल, तर तो हाताने फिरवून प्रश्न मिटवू नका. तो का जुळवत नाही याचे कारण शोधा.
७. नवे लायनर ड्रमला बसू द्या, मग पुन्हा तापमान आणि प्रवास मोजा, आणि रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही गाडीवर चाचणी घ्या.

हायड्रॉलिक ब्रेकच्या छोट्या ट्रकांत तर्क तोच, भाग वेगळे: जाम झालेला व्हील सिलिंडर, आतून सुजलेली होज, किंवा डिस्क असेल तर कॅलिपरच्या अडकलेल्या पिना.

सुरक्षितता. चाकांना ओटी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. मागच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरमध्ये प्रचंड बलाने दाबलेली स्प्रिंग असते. तो चेंबर कधीही उघडू नका. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

एबीएसविषयी. चाक जाम होऊ न देणे हे एबीएसचे काम आहे. कमी पडणाऱ्या ब्रेकचे बल ते वाढवू शकत नाही. त्यामुळे ‘गाडीला एबीएस आहे, मग ओढणार कशी?’ हा तर्क चुकीचा.

९. सारांश

- गाडी जास्त ब्रेक लागणाऱ्या बाजूला ओढते. दोष बहुधा विरुद्ध बाजूला असतो. पेडल सोडल्यावरही ओढत असेल तर दोष त्याच बाजूला.
- केव्हा आणि कशी ओढते यावरून हवा, बल, उष्णता की सस्पेन्शन हे ठरते.
- आधी मोजा, मग पाना उचला.
- सरळ थांबणे पुरेसे नाही; सरळ आणि कमी अंतरात थांबणे म्हणजे दुरुस्ती.

१०. सराव प्रश्न

१. पुढच्या आसावर डावे बल २० आणि उजवे १५ किलोन्यूटन आहे. चाकांतले अंतर १.९ मी. गाडी कोणत्या बाजूला ओढेल? आघूर्ण आणि असमतोलाची टक्केवारी काढा. (उत्तर: डावीकडे, ४.७५ किलोन्यूटन-मीटर, २५ टक्के)
२. घाट उतरताना गाडी डावीकडे ओढू लागते, पायथ्याशी अर्धा तास थांबल्यावर सरळ चालते. कोणत्या चाकापासून तपासणी सुरू कराल? का?
३. दोन्ही ड्रमचे तापमान सारखे आहे, पुशरॉडचा प्रवास सारखा आहे, तरी गाडी ओढते. पुढच्या तीन तपासण्या क्रमाने लिहा.
४. तुमच्या गावातल्या एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन एका ट्रकच्या पुढच्या दोन्ही पुशरॉडचा प्रवास परवानगी घेऊन मोजा. दोन्हींत फरक आढळल्यास तो ड्रायव्हरला दाखवा आणि कोणत्या बाजूचा ब्रेक दुरुस्त करायचा ते समजावून सांगा.